ठाऊक असलेल्यांचा वाटा

आपल्या मंडळाच्या एका बैठकीत दूरचित्रवाणीवरील मालिकांचा विषय निघाला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की, ज्या पत्रिकेत जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांवर लिहिले जाते तिच्यातच रात्री साडेदहाच्या मालिकेवर लेख यावा, हे त्यांच्या मनाला पटत नाही. आक्षेप गैर नव्हता. जी. ए. आपल्या भागातले, एकसंब्यात जन्मलेले, बेळगावात शिकलेले. माणसाच्या आयुष्यामागे उभ्या असलेल्या नियतीचा शोध त्यांनी ज्या निष्ठेने घेतला, तिच्या शेजारी जाहिरातींच्या मधल्या वेळात सांगितली जाणारी भुताची गोष्ट ठेवणे हे धाडसच म्हटले पाहिजे. तरीही मी हा लेख लिहावयास बसलो आहे, आणि त्याचे कारण साहित्यिक नाही. 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका पाहताना मला आमच्याच घरातली एक खोली आठवली. त्या खोलीविषयी जो प्रश्न मी वीसेक वर्षे टाळत आलो होतो, तो पुन्हा समोर आला. उत्तम कथेने जे काम करावयाचे ते एखाद्या सामान्य कथेने केले, तर तिचे ऋण नाकारू नये, एवढेच मला त्या सभासदांना सांगावयाचे आहे.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. झी मराठी वाहिनीवर २०१६ च्या फेब्रुवारीत ही मालिका सुरू झाली. २०१९-२० मध्ये तिचे दुसरे आणि २०२१-२२ मध्ये तिसरे पर्व आले. चित्रण झाले ते सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातील एका जुन्या वाड्यात. आपल्याकडून निघून आंबोलीचा घाट उतरला की तो मुलूख लागतो. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची कुलदैवते अजून त्या बाजूला आहेत. मालिकेतली मालवणी ऐकताना आमच्या घरातल्या वृद्धांना आजीचे माहेर आठवत असे, आणि त्यामुळे भीतीच्या प्रसंगांनाही ते अधूनमधून हसत.

गोष्ट सुरू होते ती नाईकांच्या घरातील कर्त्या पुरुषाच्या, अण्णांच्या मृत्यूने. पांगलेली मुले, सुना, नातवंडे वाड्यात जमतात आणि एकामागून एक विपरीत घटना घडू लागतात. पहिल्या पर्वात अण्णा प्रत्यक्ष वावरत नाहीत. त्यांचे नाव आणि त्यांचा धाक तेवढा वावरतो. दुसऱ्या पर्वात काळ मागे जातो आणि माधव अभ्यंकर यांनी उभे केलेले अण्णा दिसतात: लोभी, कामुक, निर्दय, आणि तरीही विलक्षण रुबाबदार. शेवंताशी असलेला त्यांचा संबंध, जमिनीसाठी आणि वासनेसाठी त्यांनी केलेले घात, आणि ज्यांचा घात केला तीच माणसे पुढे त्यांना दिसू लागणे, असा तो प्रवास आहे. तिसऱ्या पर्वात अण्णा व शेवंता दोघेही भुते होऊनच येतात. हे तिसरे पर्व मला तितकेसे आवडले नाही. भूत एकदा राजरोस हिंडू लागले की त्याचा अर्थ उरत नाही.

मालिका सुरू झाली तेव्हा कोकणातूनच तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असा त्यांचा सूर होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २०१३ च्या ऑगस्टमध्ये झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्या कर्नाटकाने तसा कायदा २०१७ मध्ये केला. हे सारे ताजे असताना घराघरांत भूत दाखविणे कितपत योग्य, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मी स्वतः भुतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. परंतु मालिका पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की, 'भूत आहे की नाही' हा तिच्यातला खरा प्रश्नच नव्हे. घरातली थोरली सून नीलिमा विज्ञाननिष्ठ आहे; ती प्रत्येक घटनेचे कारण शोधू पाहते. तिचा तर्क बहुतेक ठिकाणी बरोबरही असतो. तरी तिच्या तर्काने वाड्यातली भीती कमी होत नाही. असे का व्हावे?

वेदान्तात रज्जुसर्पाचा दृष्टान्त आहे. काळोखात दोरी सर्प भासते, दिवा आणला की सर्प नाहीसा होतो. कारण तो कधी नव्हताच. भीतीचे मूळ अज्ञानात आहे आणि ज्ञान हाच तिच्यावर उपाय, असा त्याचा भावार्थ आपण लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. नीलिमा हातात विजेरी घेऊन वाड्यात फिरते ती याच श्रद्धेने. पण नाईकांच्या वाड्यात एक अडचण आहे. तेथे कोणी अज्ञानी नाही. अण्णांनी काय केले ते घरातल्या प्रत्येकाला थोडेफार ठाऊक आहे. कोणाला जमिनीचे ठाऊक आहे, कोणाला शेवंताचे, कोणाला नाहीशा झालेल्या माणसाचे. सुषमा ही कोणाची मुलगी, हे सर्वांना माहीत आहे आणि कोणी तसे म्हणत नाही. तेथला सर्प न कळण्यातून जन्मलेला नाही. तो कळूनही न बोलण्यातून जन्मलेला आहे, आणि अशा सर्पावर दिव्याचा उपाय चालत नाही. नीलिमा दिवा आणते आणि दोरी दाखवते, पण पाहणाऱ्यांची नजर दोरीवर नसतेच. ती एकमेकांच्या चेहऱ्यांवर असते.

वाड्यात पांडू नावाचा गडी आहे. प्रल्हाद कुडतरकर यांनी ती भूमिका केली, आणि मालिकेचे संवादही त्यांचेच. पांडू साधाभोळा, काहीही विचारले की 'इसरलंय' म्हणणारा. महाराष्ट्रभर त्या एका शब्दावर लोक हसले. मीही हसलो. पुढे मात्र मला वाटू लागले की, त्या घरात प्रामाणिकपणे विसरणारा तो एकटाच आहे. बाकीचे न विसरता विसरल्यासारखे राहतात, आणि त्यासाठी त्यांना रोज श्रम करावे लागतात.

सर्वांत अधिक श्रम माईंना करावे लागतात. शकुंतला नरे यांनी ही व्यक्तिरेखा इतक्या संयमाने रंगविली आहे की, भुताच्या प्रसंगांपेक्षा माईंचे स्वयंपाकघरातले गप्प बसणे मला अधिक भिववून गेले. नवऱ्याची लक्षणे त्यांना ठाऊक आहेत. त्या रडतात, कधी भांडतात, देवापुढे बसतात, पण घराण्याची अब्रू म्हणून वाड्याबाहेर शब्द जाऊ देत नाहीत. येथे इब्सेनच्या 'भुते' या अर्थाच्या नावाचे १८८१ मधील नाटक आठवल्याखेरीज राहत नाही. त्यात भूत एकही नाही. नवऱ्याचा बदफैलीपणा आयुष्यभर झाकणारी, वर त्याच्या स्मरणार्थ अनाथाश्रम उभारणारी आल्विंगबाई आहे; घरात मोलकरीण म्हणून वावरणारी नवऱ्याची अनौरस मुलगी आहे; आणि काहीही न जाणता तिच्याकडे ओढला जाणारा मुलगा आहे. इब्सेनच्या मूळ शब्दाचा अर्थ 'परत येणारे' असा होतो. नॉर्वेतल्या त्या घराची आणि आकेरीच्या वाड्याची भेट कधी होणार नाही, पण दोन्ही घरांत परत येते ते एकच: बोलावयाचे राहून गेलेले.

आता खरा नैतिक प्रश्न. ज्याने पाप केले त्याचे ते पाप, हे कर्मसिद्धान्ताचे साधे गणित आहे. ज्याचे संचित त्याचे प्रारब्ध. एकाचे कर्म दुसऱ्याला भोगता येत नाही. मग ज्याला ठाऊक होते आणि जो बोलला नाही, त्याच्याकडे काही वाटा येतो की नाही?

महाभारताच्या सभापर्वात या प्रश्नाचे उत्तर थेट अपूर्णांकांत दिलेले आहे. द्रौपदीला सभेत ओढून आणले आहे, तिने प्रश्न विचारला आहे आणि भीष्म-द्रोणांसह सारी सभा खाली मान घालून बसली आहे. विकर्ण तेवढा बोलतो, आणि त्याला कर्ण गप्प करतो. तेव्हा विदुर सभेला एक जुनी कथा सांगतो. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा नावाचा ब्राह्मण यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद लागतो. पणाला प्राण लावलेले असतात आणि न्याय करावयास दोघे प्रल्हादाकडेच येतात. पोटच्या मुलाविरुद्ध बोलावे लागणार म्हणून प्रल्हाद अडखळतो आणि कश्यपाला विचारतो की, ठाऊक असून जो उत्तर देत नाही त्याचे काय होते? कश्यपाने सांगितलेला हिशेब असा: जेथे निंद्य गोष्टीची निंदा होत नाही, तेथे पापाचा अर्धा भाग सभेतल्या श्रेष्ठाकडे जातो, चौथा हिस्सा करणाऱ्याकडे आणि उरलेला चौथा हिस्सा गप्प बसलेल्या सभासदांकडे. जेथे निंदा होते तेथे मात्र श्रेष्ठ निष्पाप होतो, सभासद सुटतात आणि सारे पाप करणाऱ्याकडेच जाते. हे ऐकून प्रल्हाद मुलाच्या विरुद्ध निर्णय देतो. मनुस्मृतीत थोडी वेगळी वाटणी आहे: चौथा हिस्सा करणाऱ्याचा, चौथा साक्षीदाराचा, चौथा सभासदांचा, चौथा राजाचा. पूर्वजांच्या धर्मशास्त्रात आज न पटणारे पुष्कळ आहे. पण हा विचार मला आजच्याही कायद्याच्या पुढचा वाटतो, कारण तो मौनाला कृत्य मानतो.

हा हिशेब नाईकांच्या वाड्याला लावून पाहिला. तेथे सभेतला श्रेष्ठ आणि पाप करणारा एकच, अण्णा. म्हणजे अर्धा आणि पाव, असा पाऊण हिस्सा त्यांच्याकडे गेला. उरलेला पाव हिस्सा वाड्यात सांडलेला आहे आणि तो उचलावयास कोणी तयार नाही. पहिल्या पर्वातला सारा भयव्यापार या पाव हिश्श्याचा आहे, असे मला वाटते. अण्णा गेले, त्यांचे त्यांच्याबरोबर गेले. जे मागे राहिले ते ठाऊक असलेल्यांचे.

येथे मी स्वतःशीच अडलो. माईंना सभासद म्हणावे काय? ज्या स्त्रीला स्वतःच्या नावावर काही नाही, बाहेर पडली तर जावयाला घर नाही, बोलली तर मार आहे, तिच्या मौनाला भीष्माच्या मौनाच्या रांगेत बसविणे अन्यायाचे होईल. विदुराने हिशेब सांगितला तो सभेत ज्यांना आसन होते त्यांना. द्रौपदी सभेत होती, पण तिला आसन नव्हते. ती तर प्रश्न विचारणारी होती. म्हणून मौनाचा वाटा ठरविताना आधी हे पाहिले पाहिजे की, बोलण्याची किंमत कोणाला किती द्यावी लागली असती. माईंना सर्वस्व द्यावे लागले असते. मुलगे मोठे झाल्यावर त्यांना तितके द्यावे लागले नसते. गावातल्या प्रतिष्ठितांना तर फक्त अण्णांच्या ओटीवरचा चहा सोडावा लागला असता. किंमत जितकी कमी तितका मौनाचा वाटा मोठा, असे सूत्र मी माझ्यापुरते मांडून ठेवले आहे. कश्यपाने ते सांगितलेले नाही. चुकले असेल तर दोष माझा.

या सूत्राने मग प्रेक्षकांकडेही पाहावे लागते, कारण आपल्याला तर काहीच किंमत द्यावयाची नव्हती. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता आणि माधव अभ्यंकर यांचे अण्णा या जोडीवर महाराष्ट्र भाळला. अण्णांच्या हातून माणसे मरत होती आणि आपण त्यांच्या रुबाबाचे कौतुक करीत होतो. आकेरीचा तो वाडा पाहावयास माणसे जाऊ लागली. आमच्याकडचीही काही मंडळी आंबोलीचा धबधबा पाहून तशीच खाली उतरली आणि वाड्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढून आली. यात फार मोठे पाप आहे असे नव्हे. पण पुरुषाचा दरारा दिसला की त्याच्या कृत्यांचा हिशेब विसरावयाचा, ही सवय मालिकेने लावलेली नाही. ती आपल्या वाड्यांतूनच मालिकेत गेली.

आता खोलीविषयी.

वडगावातला आमचा वाडा फार मोठा नाही. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे पडवी आणि आड. आडाशेजारी एक लहान खोली. पलीकडच्या गल्लीतला मागांचा आवाज त्या खोलीत सर्वांत अधिक येई. आजोबांच्या धाकट्या भावाची विधवा तेथे राहत असे. आम्ही तिला काकी आजी म्हणत असू. मी सात-आठ वर्षांचा असताना ती वारली. मला आठवते ते एवढेच की, ती दुपारी चष्मा लावून पोथी वाचीत असे आणि वाचता वाचता बोटाने ओळ धरीत असे. ती गेल्यानंतर आम्हा मुलांना सांगण्यात आले की, तिन्हीसांजेला मागच्या खोलीकडे फिरकू नये. काकी आजी दिसते. आम्ही फिरकलो नाही. माझी आजी मात्र रोज संध्याकाळी तेथे पणती लावीत असे. देवापुढे लावण्याआधी तेथे लावीत असे, हे माझ्या बहिणीने टिपलेले. मला ते कधी दिसले नाही.

पुढे वडिलांच्या हयातीतच जुन्या पेटीतले कागद लावताना मला एक हक्कसोडपत्र मिळाले. साल १९५५. काकी आजीने आपल्या नवऱ्याच्या वाट्यावरील हक्क राजीखुशीने सोडल्याचे त्यात लिहिले होते. विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर पूर्ण मालकी देणारा हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये आला. तो येणार याची चर्चा आधीची काही वर्षे चालू होती आणि आमचे आजोबा वर्तमानपत्र नियमाने वाचीत. कागद मराठीत होता, त्यानंतरचे सारे उतारे कन्नडमध्ये. त्यामुळे तो वेगळा ओळखू आला. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. एक नाव आमच्या गल्लीतले, दुसरे मला अनोळखी. आणि जेथे काकी आजीची सही हवी तेथे अंगठा होता.

मी तो कागद वडिलांना दाखविला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "जुने कागद आहेत बाळ. होते तिथेच ठेव." मी ठेवले. त्या वेळी मी चाळिशीच्या घरात होतो. मिळवता होतो, मुलेबाळे होती. मला कोणी मारणार नव्हते की घराबाहेर काढणार नव्हते. मी वर जे सूत्र मांडले आहे ते माझ्यावरच लावले तर वाटा किती येतो, हे वाचकांनी पाहावे.

मालिकेचे दुसरे पर्व चालू असताना, अण्णा एकटेच बसलेले आहेत आणि कोपऱ्यात कोणीतरी उभे आहे, असा प्रसंग पाहताना मला लहानपणची ती ताकीद आठवली, आणि प्रथमच तिचा अर्थ लागला. मोठ्या माणसांनी आम्हाला काकी आजीची भीती दिली. कारण लाज देण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते. भीती मुलांना देता येते, ती वारसाहक्काने चालते, तिला साक्षीदार लागत नाहीत. जिच्यावर अन्याय झाला तिलाच भूत करून टाकले की, तिच्याकडे पाहावे लागत नाही. आजीची पणतीही मला तेव्हाच उमगली. तो दिवा काही पाहण्यासाठी नव्हता. आजीला सभेत आसन नव्हते; जे बोलता आले नाही ते ती रोज एक वात लावून म्हणत होती, आणि आम्ही समजत होतो की ती भुताला दूर ठेवते आहे.

धर्मशास्त्राने पापमुक्तीचे जे उपाय सांगितले आहेत त्यांत मनूने 'ख्यापन' हा शब्द पहिला घातला आहे. ख्यापन म्हणजे केलेले उघड बोलून दाखविणे. पश्चात्ताप, तप, अध्ययन ही त्यानंतर येतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण सहसा पश्चात्तापापाशीच थांबतो, कारण तो एकट्याने आणि मनातल्या मनात करता येतो. आपल्याकडे उघड बोलण्याचा विधी नाही असेही नाही. आषाढात आपल्या मंगाईच्या यात्रेत गाऱ्हाणे घालतात. कोकणात तर गाऱ्हाण्याला साऱ्या गावाचा होकार मिळतो. पण गाऱ्हाणे असते मागण्याचे, आपल्यावर काय ओढवले ते सांगण्याचे. आपण काय केले, हे सांगण्याचे गाऱ्हाणे मी कधी ऐकलेले नाही. सीमाभागातल्या आपणा मंडळींना तर गाऱ्हाणे सांगण्याची पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे. १९५६ पासूनचे आपले गाऱ्हाणे रास्त आहे, त्याचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. मात्र इतकी वर्षे फिर्यादीच्या बाजूला उभे राहिल्यावर, आपल्याच घरातल्या एखाद्या प्रकरणात आपण दुसऱ्या बाजूला असू शकतो, हे सुचावयास वेळ लागतो. मला लागला.

वाडा आता पाडावयाचा आहे. जागेचा व्यवहार ठरत आला, तेव्हा मी भावंडांपुढे तो कागद ठेवला. पुण्याचा भाऊ म्हणाला की, कायद्याने मुदत केव्हाच संपलेली आहे. ते खरेच आहे. कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने १९४६ मध्ये, आपला देश राखरांगोळी होऊन पडला असताना, कायद्यापुढचा अपराध वेगळा आणि स्वतःच्या सद्सद्विवेकापुढचा अपराध वेगळा, असे आपल्या लोकांना बजावले होते. पहिल्याचा निवाडा न्यायालय करते, दुसऱ्याचा ज्याचा त्यानेच करावयाचा. मी हे भावाला सांगितले नाही. दूरध्वनीवर यास्पर्स सांगणे बरे दिसत नाही. बहीण मात्र म्हणाली, "दादा, तू जाऊन ये."

काकी आजीला मूलबाळ नव्हते. तिचे माहेर निपाणीच्या बाजूचे. चौकशी करीत करीत, तंबाखूच्या जुन्या वखारी मागे टाकून, मी त्या गावी गेलो. तिच्या भावाचा नातू घरी होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याने घोंगडे अंथरले, पाण्याचा तांब्या ठेवला, "बसा पाव्हणं," म्हणाला. मी वाटेत जुळविलेली वाक्ये विसरलो आणि एकदम मुद्द्यावर आलो. कागदाचे सांगितले, सालाचे सांगितले, आणि काकी आजीला लिहितावाचता येत असताना तेथे अंगठा कसा, हे मला समजलेले नाही, असेही सांगितले. व्यवहारातून येणाऱ्या रकमेतला तिचा वाटा कोठे आणि कसा द्यावा, हे विचारावयास आलो आहे, असेही म्हणालो.

तो बराच वेळ बाहेरच्या अंगणाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आमाला ठावं हाय ते."

मी गप्प राहिलो.

"अंगठ्याच्या बाजूला साक्षीदाराची सही हाय न्हवं? ती आमच्या आज्याची." बहिणीची सही घ्यावयास ओसरीवर पंच बसले होते, ती सही करीना, आणि अखेर भावानेच तिचा हात धरला, असे त्याने आपल्या वडिलांकडून एकदाच ऐकले होते. त्या बदल्यात आजोबांकडून भावाला काय मिळाले, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्याच्या घरीही काकी आजीचे नाव निघत नसे. त्याची आजी वर्षातून एकदा, कोणाच्या नावाने ते न सांगता, एक पान वाढून बाहेर ठेवीत असे.

आतून चहा आला. दोघांनी घेतला. रकमेचा विषय त्याने पुढे नेला नाही. मुलांशी बोलून कळवितो म्हणाला. मी निघालो तेव्हा तो रस्त्यापर्यंत आला. वाडा केव्हा पाडणार, ती खोली अजून उभी आहे का, असे त्याने विचारले. पावसाळ्यानंतर, मी म्हणालो, खोली आहे.

"त्याच्या आदी एकदा येऊन जातो," तो म्हणाला. "आन् त्यो कागद जपून ठेवा. आज्याचं अक्षर आमच्यात कुनी बघितल्यालं न्हाई."